रेंज नसलेल्या गावात मोबाइलवर नकाशा कमी डेटात कसा पोहोचवायचा?

तुम्ही विचारलंय की गावाकडे नेट कमी असताना अ‍ॅपमधला नकाशा सगळ्या झूमला लवकर कसा दिसेल, आणि सर्व्हर कुठला घ्यावा. सर्व्हर कुठलाही घ्या. घोळ फोनच्या बाजूला असतो.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. पाण्याच्या पाइपलाइनी आणि व्हॉल्व्ह नोंदवायचं अ‍ॅप आम्ही करत होतो. भर जुलैत कणकुंबीला गेलो. वॉटरमन मामा स्वतः भिजत माझ्या फोनवर छत्री धरून उभे, आणि स्क्रीनवर नुसते करडे चौकोन. "व्हॉल्व्ह हितंच हाय की ओ सर, अजून काय बघताय?" मला फार लाज वाटली.

रात्री लॉग, म्हणजे अ‍ॅपने काय काय केलं त्याची नोंद, उघडला. मी बोटांनी झूम 11 वरून 17 वर गेलो होतो, आणि अ‍ॅपने मधल्या प्रत्येक पातळीच्या टाइल (नकाशाचे चौकोनी तुकडे) मागवून रांगेत लावल्या होत्या. जी आधी मागितली ती आधी. मला हवी असलेली सगळ्यात शेवटी, आणि रेंजची काडी एकच. म्हणून स्क्रीनवरून गेलेल्या टाइलची मागणी तिथल्या तिथे रद्द करा, स्क्रीनच्या मध्यावरची टाइल आधी मागवा, आणि ती येईपर्यंत आधीच्या, कमी झूमची टाइल ताणून दाखवा. धूसर नकाशावर माणूस काम करतो, करड्यावर नाही.

खरा वाद पुढे झाला. आमच्या सीनियरांचं म्हणणं, झूम 18 पर्यंतची चित्रं फोनमध्ये भरून द्या. अहो, प्रत्येक पातळीला टाइल चौपट होतात. झूम 14 ची एक टाइल 18 ला 256 होते. एकूण टाइलपैकी पाऊण हिस्सा एकट्या शेवटच्या पातळीचा असतो! मी व्हेक्टर टाइल (चित्राऐवजी रेषा, बिंदू आणि नावांचा डेटा) घेतल्या आणि 14 वर थांबलो. त्यापुढे फोन त्याच रेषा मोठ्या करून काढतो. तालुक्याच्या सगळ्या टाइलची एक एमबीटाइल्स फाइल (आत एसक्यूलाइट हा साधा डेटाबेस असतो) ऑफिसच्या वायफायवर भरायची, आणि फिल्डवर फक्त बदललेले व्हॉल्व्ह पाठवायचे. तेवढं एका काडीतही जातं.

सॅटेलाइट फोटो हवाच असेल तर यातलं व्हेक्टरचं काही उपयोगी नाही. तेव्हा फक्त गावठाणापुरत्या खोल पातळ्या द्या. आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) सर्व्हरवरून टाइल घाऊक उतरवू नका, त्यांना ते चालत नाही. डेटा घ्या, श्रेय द्या, टाइल स्वतः बनवा.

साइज कमी करायची म्हणून सीनियरांनी गावांची मराठी आणि कन्नड नावं काढून फक्त इंग्रजी ठेवायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. आमच्याकडे वॉटरमन मराठी वाचतो, लाइनमन कन्नड. रस्त्याच्या रेषा खुशाल सरळ करा, झूम 10 ला पायवाटा टाकून द्या, पण माणसाला वाचता येणारं नाव काढू नका. व्हेक्टर टाइलच्या एका लेयरमध्ये (रस्ते, गावं असा एकेक थर) तेच नाव कितीदाही आलं तरी एकदाच साठवलं जातं. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत 'कणकुंबी' मराठीत 21 बाइट, कन्नडमध्येही 21. दोन्ही मिळून 42. सीनियरांची एकेक चित्र-टाइल सहज दहा-पंधरा केबीची होती.