नाव का सांगितलं?

प्रश्न : माझी मुलगी नववीला आहे. त्या एकडोळ्या राक्षसाचा डोळा फोडून सुटल्यावर ओडिसियसनं त्याला स्वतःचं नाव ओरडून का सांगितलं, असा प्रश्न तिला होता. तिनं ‘तो गर्विष्ठ होता’ असं लिहिलं. बाईंनी पुढं ‘कशावरून?’ एवढंच लिहून वही परत दिली. गोष्टीत पुरावा शोधायचा कसा?
— एक आई, खानापूर

उत्तर : ताई, बाईंचा प्रश्न लाखमोलाचा आहे. ‘गर्विष्ठ’ हे उत्तर चुकलेलं नाही, अर्धं आहे. उरलेलं होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याच्या ९ व्या सर्गातच सापडतं.

ओडिसियस गलबतावरून दोनदा ओरडतो. मुलं दोन्ही एकच धरतात आणि तिथंच घोळ होतो. पहिल्यांदा तो म्हणतो, दारी आलेल्या पाहुण्यांना तू खाल्लंस, म्हणून देवांनी तुला शिक्षा दिली. पॉलिफीमसनं, म्हणजे त्या एकडोळ्या राक्षसानं, ओडिसियसचे ६ सोबती खाल्लेले असतात. या बोलण्यात नाव कुठंच नाही. मग राक्षस डोंगराचा कडा उपटून फेकतो, लाटेनं गलबत पुन्हा किनाऱ्याला लागतं. सोबती विनवतात, कशाला डिवचतोस त्याला? तरी हा दुसऱ्यांदा ओरडतो आणि तेव्हा सगळंच सांगून टाकतो. नगरं लुटणारा ओडिसियस, लाएर्तीसचा मुलगा, राहणार इथाका. मनात राग धुमसत होता, हे तोच कबूल करतो. म्हणजे आधी मेलेल्यांचा हिशेब, मग राग आणि नाव गाजावं ही हाव.

तुमच्याच तालुक्यात मराठी शाळेत मी हा भाग वाचून दाखवायचो. पुढं पॉलिफीमस बापाला, समुद्रदेव पोसायडनला, साकडं घालतो की ओडिसियस घरी पोचू नये. ते ऐकून जांबोटीकडचा एक पोरगा ताडकन उठला, “सर, शापात तेच शब्द आलेत की!” खरंच. नाव, बाप, गाव, बिरुदसुद्धा जसंच्या तसं. कुणी न सांगता त्यानं ते पकडलं, याचा आनंद मला आजही आहे. शापाला पत्ता लागतो, तो ओडिसियसनंच पुरवला.

गुहेत तो ‘कुणी नाही’ असं नाव सांगून वाचला होता. ते बिननावाचं जगणं त्याला सोसवलं नाही, असं मला वाटतं. पण हा माझा अंदाज, तसं वाक्य तिथं नाही. मुलीनंही ‘मला वाटतं’ आणि ‘तिथं लिहिलंय’ वेगळं ठेवावं.

आणि शापावरून हेतू काढू नये, शाप नंतरचा. ओरडताना त्याला काय ठाऊक होतं ते बघावं. डोळा फुटल्यावर पॉलिफीमस ओरडतो, ‘कुणी नाही’ मला मारतोय. शेजारच्या राक्षसांना वाटतं, खरंच कुणी मारत नाही; ते गुहेबाहेरून म्हणतात, तुझ्या बापाची, पोसायडनची, प्रार्थना कर. आत ओडिसियस ते ऐकतो आणि युक्ती साधली म्हणून मनात हसतो. म्हणजे बाप कोण हे माहीत असून त्यानं नाव सांगितलं. ‘गर्विष्ठ’पुढं मुलीनं हे लिहावं. ‘कशावरून?’ला तेवढं पुरेल.