महाबळेश्वरचे ८५ हजार: मे सोडा, विदर्भाचा जून धरा

तुम्ही नागपूरहून विचारलंय: घरात पाच जण, तुम्ही दोघं, ९ आणि ४ वर्षांची मुलं, ७६ वर्षांच्या आजी. मे महिन्यात महाबळेश्वरला पाच रात्री जायचंय, टूरवाल्याने ८५ हजार सांगितले, कमी होतील का? होतील. पण त्याच्याशी घासाघीस करत बसू नका, आधी तारीख हलवा.

उन्हामुळे आपल्या विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. २०२४ मध्ये बाकी महाराष्ट्रात १५ जूनला घंटा वाजली, विदर्भात १ जुलैला. २०२५ मध्ये १६ आणि २३ जून. पुण्या-मुंबईची पोरं वर्गात बसतात तेव्हा नागपूरकरांच्या हातात आठवडा-पंधरवडा उरलेला असतो. महाबळेश्वरचं बरंचसं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचंच, ते आटलं की रूमचे भाव खाली येतात. मात्र शाळेची तारीख शाळेतूनच विचारून घ्या, सीबीएसईवाल्यांचं कॅलेंडर वेगळं असू शकतं.

भाव उतरायला पाऊसही कारणीभूत आहे, तेही आधीच सांगतो. जूनच्या मध्यानंतर तिथे धुकं आणि धो-धो पाऊस. आर्थर सीटला उभं राहून पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसणार नाही असे दिवस येतात, आणि स्ट्रॉबेरीचा हंगाम केव्हाच संपलेला असतो. ४५ डिग्रीतून निघून स्वेटर घालायचं आणि भजी खायची एवढंच हवं असेल तर उत्तम. पॉइंट मोजायचे असतील तर जून धरू नका.

आता रेल्वे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, प्रवासाचा दिवस धरत नाहीत. उदाहरणार्थ, १८ जूनची गाडी १९ एप्रिलला सकाळी ८ वाजता उघडेल, २४ जूनची परतीची २५ एप्रिलला. इथे एक खोच आहे: दिवस मोजतात ते गाडी मूळ स्टेशनहून निघते त्या तारखेपासून. हावडा-पुणे आझाद हिंद आदल्या रात्री हावड्याहून निघून दुसऱ्या दिवशी नागपुरात येते. म्हणून १८ ला नागपुरातून बसायचं तर तिचं बुकिंग १८ एप्रिललाच उघडलेलं असतं. १९ ला सकाळी चहा घेऊन बसलात तर वेटिंगच दिसेल. शिवाय मधल्या स्टेशनच्या कोट्यात बर्थ थोडे, आणि त्या कोट्याचं वेटिंग (तिकिटावर आरएलडब्ल्यूएल किंवा पीक्यूडब्ल्यूएल लिहिलेलं) फार सरकत नाही. त्यापेक्षा नागपूरहूनच सुटणारी गाडी पाहा, पुणे सुपरफास्ट किंवा गरीब रथ. त्या रोज नाहीत, म्हणून गाडीचा वार आधी बघा आणि सुट्टी त्यावर बसवा. बरेच लोक उलटं करतात आणि मग तत्काळच्या मागे लागतात. तत्काळला जादा पैसे, कन्फर्म तिकीट रद्द केलं तर परतावा शून्य.

अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारतचा मोह होईल. तुमच्या घरासाठी मी ती घेणार नाही. एक तर आजींना सुमारे १२ तास खुर्चीत बसवावं लागेल. दुसरं, चेअर कारमध्ये ५ ते ११ वर्षांच्या मुलाला ‘बर्थ नको’ म्हणून अर्धं तिकीट काढता येत नाही, सीट घ्यावीच लागते आणि पूर्ण भाडं लागतं. तिसरा खर्च कुणी धरत नाही: ती रात्री पुण्यात पोचवते, म्हणजे एक रात्र पुण्यातल्या हॉटेलची. रात्रीच्या गाडीत झोपून सकाळी उतरलात तर तेवढी रूम वाचते. थ्री एसीत नऊ वर्षांच्याला बर्थ न घेता अर्ध्या तिकिटात नेता येतं, चार वर्षांच्याला तिकीटच नाही. दोन पोरं दोन मोठ्यांच्या बर्थवर दाटीवाटीने झोपतील का, हे तुमचं तुम्ही ठरवा. दिवसाचीच गाडी घ्यायची झाली तर बुकिंगच्या वेळी जेवण नको असा पर्याय निवडा, भाडं कमी होतं.

रेल्वेची ज्येष्ठ सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, आजींचं तिकीट पूर्ण. खालचा बर्थ मात्र मागता येतो. ज्येष्ठ नागरिक कोटा एकट्या किंवा दोघा ज्येष्ठांना मिळतो, बाकी घरच्यांसोबत एकाच तिकिटावर नाही. आजींचं वेगळं काढलंत तर डबाही वेगळा येऊ शकतो, हे धरून चाला.

खरी मजा एसटीत आहे. ७५ वर्षांपुढे राज्यात प्रवास मोफत, महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पुण्यात उतरून स्वारगेटहून महाबळेश्वरची गाडी पकडा. हिशेब असा: तुमचं पूर्ण, वहिनींचं अर्धं, नऊ वर्षांच्याचं अर्धं, धाकट्याचं आणि आजींचं शून्य. पाच माणसं दोन तिकिटांत. आरक्षणाचा आकार तेवढा वेगळा. आजींचं आधार कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. बॅग डिक्कीत, कार्ड बॅगेत आणि कंडक्टर समोर, असं व्हायला नको. घाटात धाकट्याला उलटीची सवय असेल तर पुढच्या सीटा घ्या.

स्वतःची कार नेणार असाल तर आधी आकडा पाहा. जाऊन-येऊन साधारण १६६० किमी, तिथलं फिरणं २०० धरा. १५ च्या ॲव्हरेजने १२४ लिटर, लिटरला १०५ धरले तर १३ हजार. वर टोल: समृद्धी महामार्गावर कारला एप्रिल २०२५ पासून किलोमीटरला २.०६ रुपये, ४०० किमीला एका बाजूचे ८२४. वार्षिक फास्टॅग पास समृद्धीवर चालत नाही, तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. तो काढून निश्चिंत बसलेले लोक टोलवर वाद घालतात. समृद्धीवर मर्यादा १२० ची असली तरी ९०-१०० ने चला, पेट्रोलमध्ये फरक दिसतो. टायरची हवा सकाळी निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासा. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि तापलेल्या काँक्रीटवर फुटतो. गरम टायरमध्ये दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडणं तर साफ चूक. डबा आणि पाण्याचा कॅन घरूनच घ्या.

रूम घेताना ॲपवरचा भाव बघून थेट हॉटेलला फोन करा आणि एकाच वाक्यात विचारा: करासकट, नाश्त्यासकट, एका जादा गादीसकट किती? उत्तर तुटक आलं की समजा, काउंटरवर आकडा वाढणार. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर १८. म्हणजे ७५०० च्या रूमवर ३७५ कर आणि ७६०० च्या रूमवर १३६८. रूम शंभर रुपयांनी चढली की कर जवळपास हजार रुपयांनी चढला. रविवारी चेक-इन करून शुक्रवारी सकाळी सोडा, शनिवारचा भाव टाळता येईल. पावसाळ्यात तळमजल्यावरची, कोरडी रूम मागा. गिझर दिवसभर चालू असतो की फक्त सकाळी, आणि लाइट गेली तर जनरेटरवर काय चालतं, हेही विचारा. आजींसाठी हे नाश्त्यापेक्षा महत्त्वाचं.

एवढं लांब जमत नसेल तर चिखलदरा आहे, पण शनिवार-रविवार सोडून. तिथे भाड्याची गाडी करताना रोजच्या किमान किलोमीटरची अट वाचा. रोज किमान ३०० असेल तर तीन दिवसांचे ९०० लागतात, आणि नागपूरहून येणं-जाणं धरून तुम्ही फिरता साडेचारशे-पाचशे. त्यापेक्षा अमरावती किंवा परतवाड्यापर्यंत एसटी आणि वर जायला तिथली जीप, एवढ्यावर काम भागतं. ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा आकार आणि टोल कुणाकडे, हे निघण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.