एका मताने वाचलेलं सरकार

प्रश्न: लंडन बॉम्बस्फोटांनंतर ब्रिटनमध्ये दहशतवादाला चिथावणी देणाऱ्यांविरुद्ध कायदा आला, तो सगळ्या खासदारांनी मिळून पास केला असेल ना? (एक वाचक, लातूर)

उत्तर: छे हो, जुलै 2005 ला स्फोट झाले तरी नोव्हेंबरात जेव्हा मुद्दा आला की बोलणाऱ्याचा हेतू सिद्ध करावा लागेल का, तेव्हा तो सिद्ध करावाच लागेल अशी दुरुस्ती 300 विरुद्ध 299 ने पडली, म्हणजे दुरुस्ती नको असलेलं तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअरचं सरकार एका मताने वाचलं, आणि आठवड्याभरातच संशयिताला 90 दिवस कोठडीत ठेवायच्या कलमावर 322-291 ने हरलंच, त्यात त्यांच्याच लेबर पक्षाचे बंडखोर होते. तिकडे घंटा वाजली की 8 मिनिटांत लॉबीत (सभागृहालगतच्या मार्गिकेत) चालत जायचं, हो वाले एकीकडे नाही वाले दुसरीकडे, त्यामुळे आवाजी मतदानासारखी लपायची सोय नाही. मग लॉर्ड्सनी (संसदेच्या वरच्या सभागृहाने) विधेयकातले 'दहशतवादाचं उदात्तीकरण' हे शब्दच काढून टाकले (माझ्या मते बरोबरच, उदात्तीकरण नेमकं कशाला म्हणायचं?), फेब्रुवारी 2006 मध्ये कॉमन्सने (खालच्या, निवडून आलेल्या सभागृहाने) 315-277 ने परत घातले, शेवटी लॉर्ड्स नमले आणि 30 मार्चला कायदा झाला.