तुमचे प्रश्न : तेल शोधतात तरी कसं?

प्रश्न : पादरा तालुक्यात आमच्या शेताशेजारी एका प्रायव्हेट कंपनीची माणसं वायरी अंथरून काहीतरी मोजत होती. सरकारी नसलेली कंपनी तेल शोधू शकते का, आणि निघालं तर ते कोणाचं?
– एक वाचक, कारेलीबाग, वडोदरा

उत्तर : शोधू शकते ना! सरकार ब्लॉकचा, म्हणजे तेल शोधायला आखून दिलेल्या भागाचा, लिलाव करतं, २०१६ च्या धोरणानंतर कंपनी उत्पन्नातला किती वाटा सरकारला देणार त्यावरही बोली लागते. तुम्ही पाहिलं तो बहुतेक सिस्मिक सर्व्हे असणार, म्हणजे जमिनीत भोक पाडून छोटा स्फोट करतात नाहीतर जड ट्रकने जमीन थरथरवतात, आणि खालच्या थरांवरून परत येणारा हादरा त्या वायरींना लावलेले जिओफोन पकडतात. त्यावरून कळतो फक्त खडकाचा आकार, तेल आहे की नाही ते विहीर खणल्याशिवाय नक्की कळतच नाही! खणताना विहिरीत फिरवलेल्या चिखलाबरोबर वर आलेला खडकाचा चुरा जिओलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघत बसतो, अल्ट्राव्हायोलेट दिव्यात चुरा चमकला की आशा वाटते.

विहिरी कोरड्याही निघतात आणि लहान कंपनीला ते फार जड जातं, म्हणून पार्टनर घेऊन खर्च वाटतात. राजस्थानात बाडमेरमध्ये केर्न या कंपनीने कोरड्या विहिरींनंतरही चिकाटी सोडली नाही म्हणून तर २००४ मध्ये मंगला हे तेलक्षेत्र सापडलं.

आणि हो, जमीन तुमची असली तरी खालचं तेल सरकारचं. पण पिकाचं नुकसान झालं तर भरपाई मागा, सर्व्हेच्या आधी आणि नंतर शेताचे फोटो काढून ठेवा.