गावात क्रूझर, घाटात टूरर

प्रश्न : कोल्हापूरच्या मामांची 2014 ची हार्ले-डेव्हिडसन स्विचबॅक मोटरसायकल घेतोय. रोज निपाणीत वखारीवर जाणं-येणं आणि अधूनमधून बायकोसह चोर्ला घाटातून गोवा, दोन्ही जमेल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : जमेल, क्रूझर (आरामात फिरायची) आणि टूरर (लांबच्या प्रवासाची) दोन्ही व्हावी म्हणूनच ही गाडी काढली होती. पुढची काच आणि बाजूच्या दोन्ही पेट्या पान्याशिवाय निघतात. मामांसमोरच त्या दोनदा काढून-घालून बघा. पेटी बसते तिथलं रबर कडक झालं असेल तर खडखड होते. ते आधी बदला. काच हलवून बघा, ढिली असेल तर हायवेला हँडल थरथरतं.

गावात काच-पेट्या घरीच ठेवा. तरी वजन तीनशे किलोच्या वर राहतंच, आणि 1690 सीसीचं हवेवर थंड होणारं इंजिन बाजारच्या गर्दीत मांडी भाजतं. उन्हाळ्यात वखारीला स्कूटरच न्या, मनापासून सांगतो.

चोर्ल्यात मात्र जपून. वळणावर फूटबोर्ड (पाय ठेवायची फळी) रस्त्याला लवकर टेकतो, मागे वहिनी आणि भरल्या पेट्या असल्या की आणखी लवकर. म्हणून मागचं सस्पेन्शन वजनाप्रमाणे कडक करून घ्या, दोन्ही पेट्यांत सारखं वजन भरा आणि वळणाआधीच वेग उतरवा. कणकुंबीच्या पावसात तर घाई नकोच.

मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टला चिरा आहेत का, टॉर्चच्या प्रकाशात बघा. आणि एमएच पासिंग आहे, तेव्हा एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) व कर्नाटकचा रोड टॅक्स धरूनच मामांशी किंमत ठरवा.