मावशींचा वेगळा कप

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आठ वर्षांच्या मुलीने घरकामाला येणाऱ्या मावशींना पाहुण्यांच्या कपात चहा नेऊन दिला, सासूबाईंनी सर्वांदेखत तिला रागे भरले, आणि समतेवर मनापासून विश्वास असूनही तुम्ही दोघे त्या वेळी गप्प राहिलात. आता हे मूल्य मुलीला कसे समजावावे, असे तुम्ही विचारता. माझ्या मते तिला ते समजलेले आहे. करायचे आहे ते तुम्हा दोघांना.

आमच्याही घरी खिडकीच्या कठड्यावर कान तुटलेला एक कप वर्षानुवर्षे उपडा घातलेला असे. मुलगा पाच वर्षांचा असताना पाणी प्यायला त्याने तो उचलला, तेव्हा "तो आपला नाही" असे मीच म्हणाले. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, ही गोष्टही त्याला मीच सांगितली होती.

सासूबाईंशी तुमच्या यजमानांनी बोलावे, तेही जेवणे आटोपल्यावर, त्यांच्या खोलीत. मावशींसमोर किंवा मुलीसमोर नव्हे. "आई, उद्यापासून सगळे कप एकाच फडताळात राहतील, तुला हवा तर तुझा पेला वेगळा ठेवू," एवढे पुरे. त्यांनी स्वतःचे भांडे वेगळे ठेवणे हा त्यांचा प्रश्न आहे, पण दुसऱ्याचे भांडे वेगळे काढण्याचा अधिकार कोणालाच नको. त्या काही दिवस अबोला धरतील, तो धरू द्यावा. मुलीला मात्र आजच सांगा की त्या दिवशी आम्ही बोलायला हवे होते आणि बोललो नाही.

कपापेक्षा अवघड भाग सुट्टीचा आहे, आणि "मावशी आल्या नाहीत की माझाच पारा चढतो" असे तुम्ही प्रांजळपणे लिहिले म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. पुण्यातील घरकामगार स्त्रियांनी १९८० साली संप केला, त्यामागे आजारपणातही रजा न मिळण्याची तक्रार होती. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या करारात त्यांना आठवड्यातून सलग २४ तासांची विश्रांती असावी असे म्हटले आहे, पण भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. आपल्या राज्यात २००८ च्या कायद्याने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ उभे राहिले, तरी महिन्याला किती सुट्ट्या द्यायच्या हे आजही ज्याच्या त्याच्या घरीच ठरते. म्हणून तुमच्या घरी ते आधीच ठरवा. सकाळी सात वाजता, मोरी खरकट्या भांड्यांनी भरलेली आणि मुलीचा डबा व्हायचा असताना फोन येतो, तेव्हा कोणालाच समता आठवत नाही. महिन्याच्या चार भरपगारी सुट्ट्या मावशींशी बोलून नक्की करा, दिनदर्शिकेवर लिहा, आजारपणाची रजा त्यांत मोजू नका. त्या दिवशी भांडी कोण घासणार आणि केर कोण काढणार, हेही तिथेच लिहावे. ते नाव दर वेळी तुमचेच असू नये. फोनवर "बरं, काळजी घ्या" एवढेच बोलायचे, हे मी स्वतःला बजावून ठेवले होते, आणि ते अंगवळणी पडायला बरेच महिने लागले.

एक जपा. मुलीला धडा मिळावा म्हणून मावशींना आग्रहाने खुर्चीवर बसवू नका. उभ्याने चहा पिण्याची सवय एका दिवसात सुटत नाही, आणि आपल्या शिकवणीसाठी त्यांना अवघडून टाकणे बरे नव्हे. त्यांना काय हवे ते विचारावे. आमच्या मावशींना कपच नको होता. कपातला चहा दोन घोटांत संपतो म्हणून त्यांनी स्टीलचा मोठा पेला मागितला. तो आता इतर पेल्यांसोबत मांडणीवर असतो, आणि दुपारी हाताला लागला तर मी त्यातच ताक पिते.