डिजिटल आरोग्यातील गुंतवणूक: बिल कोण भरणार?

कोविडनंतर डिजिटल आरोग्य तंत्रज्ञानातील गुंतवणूक सतत वाढत असल्याचे वाचनात येते, तर ही वाढ टिकेल का आणि अशा कंपनीत दीर्घ मुदतीसाठी पैसे गुंतवावेत का, असे आपण विचारले आहे. मुळात ही वाढ सतत झालेली नाही. या क्षेत्रातील गुंतवणुकीची नोंद ठेवणाऱ्या रॉक हेल्थ या अमेरिकी संस्थेच्या आकडेवारीनुसार अमेरिकेतील अशा कंपन्यांत २०२१ साली २९ अब्ज डॉलरहून अधिक भांडवल आले आणि २०२३ साली ते ११ अब्जांच्याही खाली उतरले. म्हणून मी आधी हे पाहतो की रुग्ण, रुग्णालय, विमा कंपनी आणि सरकार यांपैकी त्या सेवेचे बिल नक्की कोण भरणार आहे.

ऑनलाइन औषधे विकणाऱ्या फार्मईझीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या मूळ कंपनीने, एपीआय होल्डिंग्जने, जून २०२१ मध्ये नवी मुंबईच्या थायरोकेअर या रक्तचाचण्या करणाऱ्या कंपनीतील सुमारे ६६ टक्के हिस्सा ४,५४६ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ६,२५० कोटींच्या आयपीओचा, म्हणजे शेअरच्या पहिल्या जाहीर विक्रीचा, मसुदा सेबी या बाजार नियामकाकडे दाखल केला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तो मागे घेतला. पुढे कर्जफेडीसाठी राइट्स इश्यू, म्हणजे जुन्याच भागधारकांना नवे शेअर देऊ करण्याचा मार्ग, काढावा लागला, तोही आधीच्या भावापेक्षा सुमारे ९० टक्के कमी भावाने. थायरोकेअर नफ्यात होती. दुखणे औषधविक्रीचे होते. किरकोळ औषधविक्रीतले मार्जिन आधीच मर्यादित असते, त्यातून सवलत आणि घरपोच सेवेचा खर्च वजा केला की फारसे काही उरत नाही. शिवाय आपल्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो मिळताच पोऱ्याहाती गोळ्या पाठवतो आणि ओळखीच्या घराचा हिशेब महिनाअखेरीस करतो. सवलत थांबली की ग्राहक त्याच्याकडेच परततो.

याउलट २०१६ साली मुंबईत सुरू झालेल्या क्युअर डॉट एआयचे काम पाहा. जिथे क्ष-किरणतज्ज्ञ नाही अशा ठिकाणी छातीचा एक्स-रे काढताच तिचे सॉफ्टवेअर संशयास्पद भाग दाखवते आणि रुग्ण घरी जाण्यापूर्वीच त्याला थुंकीच्या तपासणीसाठी थांबवता येते. क्षयरोगाच्या चाळणीसाठी अशा सॉफ्टवेअरचा वापर करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली केली, त्यामुळे निरनिराळ्या देशांचे क्षयरोग कार्यक्रम हे या सेवेचे ग्राहक होऊ शकतात. ही कंपनी नफा मिळवेलच असे मी म्हणत नाही, परंतु तिथे गरज खरी आहे आणि पैसे देणाराही दिसतो.

आरोग्यनोंदी डिजिटल करून जोडण्याच्या केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमुळे सगळेच बदलेल, हा युक्तिवाद मी जपून स्वीकारतो. आभा क्रमांकामुळे, म्हणजे प्रत्येकाच्या आरोग्य ओळख क्रमांकामुळे, रुग्णाच्या नोंदी जोडल्या जातील, हे मला मनापासून हवे आहे. मात्र ओपीडीबाहेर रांग लागलेली असताना प्रत्येक नोंद संगणकावर भरण्याचा वेळ छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरला कोण देणार, हा प्रश्न सुटल्याखेरीज त्या नोंदींवर उभ्या राहणाऱ्या कंपन्यांचे उत्पन्न कागदावरच राहील.

म्हणून आयपीओचा मसुदा वाचताना उभारलेल्या रकमेपैकी किती कर्जफेडीत जाणार आहे आणि सवलती व जाहिरातींवरील खर्च वजा जाता प्रत्येक व्यवहारात काय उरते, हे दोन आकडे आधी शोधा. ते स्पष्ट दिसत नसतील, तर मी त्या कंपनीत पैसे घालणार नाही.